तिसरी हाक

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
२ नोव्हेंबर २०२५

केसरवहिनी,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तरी तुम्ही ते फोडलं असतंच. शिवराज सांगतो, घरात आलेलं कुठलंही टपाल आई वाचल्याशिवाय टाकत नाही, विजेच्या बिलाची मागची बाजूसुद्धा वाचते. पण फोडायच्या आधी तुम्ही दोन शिव्या घातल्या असत्या, त्या वाचवल्या. आता अक्षरावरून ओळखलं असेल तर घाला, आणि पुढं वाचा. मी सांडू.

सत्तेचाळीस वर्षांमागं तुम्ही मला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. माझ्या हातात पेन्शनचे कागद होते. तुम्ही म्हणालात, “भावजी, तुमी पाह्यलं नाय, तुमी ऐकलं नाय, मंग मेले कसं म्हनता? पुन्हा असले कागद घेऊन ह्या दारात येऊ नका.” मी पुन्हा आलो नाही. कागद घेऊन नाही आणि मोकळ्या हातांनीही नाही. तुमचा पोरगा मात्र दर दसऱ्याला आपटा घेऊन माझ्याकडं येतो, आणि तुम्हाला ते ठाऊक असूनही तुम्ही त्याला कधी अडवलं नाही, हे मी ध्यानात ठेवलं आहे.

तर शिवराज परवा आला. दसरा होऊन महिना झाला होता, म्हणून मी समजलो, काम आहे. श्रेयाच्या लग्नपत्रिकेचा कच्चा छाप त्यानं माझ्या टेबलावर ठेवला.

“काका, गुलमंडीचा छापखानेवाला तीनदा फोन करून ऱ्हायला. बाबाच्या नावाआधी काय लावायचं, श्री. का कै.?”

“आईला विचार.”

“विचारलं. आई म्हनती श्री. आन् व्याही म्हनतेत, मानूस एकाहत्तरच्या लढाईत जहाजासंगं गेला, त्याला श्री. लावलं तर पाव्हणे विचारतील, नवरीचे आजोबा कुठं बसलेत, पाया पडायचंय.”

मला हसू आलं. शिवराजला आलं नाही. म्हणाला, तेवढ्यावर भागत नाही; श्रेया हटून बसली आहे की पहिली हळद आजीच लावणार, आणि तिकडच्या बायकांची कुजबुज चालू आहे की आजी सवाष्ण का... पुढचा शब्द त्यानं गिळला. आणि मग तुमचं वाक्य सांगितलं. तुम्ही म्हणालात म्हणे, “कुणीतरी पाह्यलेलं सांगा, न्हायतर ऐकलेलं सांगा. अंदाजावर मानूस मारायचा नाय.”

“काका,” तो म्हणाला, “तुमी तिथं व्हता. तुमाला कायबी ठाऊक नाय?”

मी कानातलं यंत्र काढून पुसत बसलो. हो, यंत्र आलं. डॉक्टर म्हणतो डावा कान गेलाच, उजवा जातो आहे. ज्या कानाला पेचकस लावून मी चाळीस वर्षं लोकांच्या पाणबुडी मोटारींचं बेअरिंग ऐकलं तोच. जब्बार, जळालेल्या मोटारींच्या तारा भरणारा माझा मिस्त्री, पहिल्या दिवशीच म्हणाला, “सेठ, दुकान में मशीन, कान में मशीन, अब आदमी किधर ढूंडना?” बाकी दुकान चांगलं चाललं आहे. विहिरीवर मोटार बंद पडली की पाच तालुक्यांतले लोक म्हणतात, सांडूशेठला फोन लाव, एका हाकेला ओ देणारा माणूस आहे. ह्या एका गोष्टीवर मी पत्र्याच्या टपरीतून दुमजली दुकानात आलो.

शिवराजला मी सांगितलं, मला काही ठाऊक नाही बाबा. नेहमी सांगतो तेच.

पत्रिकेचं म्हणाल तर माझ्याकडं एक तोडगा आहे. कुणाच्याच नावाआधी काही लावू नका. नुसती नावं छापा. हल्ली तशी पद्धतच आहे म्हणायचं. व्याही गप्प, तुम्ही गप्प, छापखानेवाल्याची शाई वाचली.

कळवावं.

तुमचा,
सांडू


९ नोव्हेंबर २०२५

केसरवहिनी,

उत्तर आलं नाही, पण शिवराजनं तुमचं बोलणं पोचवलं. “हा मानूस अजूनबी दुकानदारावानीच बोलतो. मधला भाव काढतो.” आणि पत्र घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवलंत म्हणे. टाकलं नाहीत.

तुम्ही लिहायला-वाचायला कशासाठी शिकलात ते मला माहीत आहे. प्रौढवर्गात पन्नास बायका आल्या आणि महिन्यात पंचेचाळीस गळाल्या, तुम्ही राहिलात. कुणीतरी सांगितलं होतं की लढाईतले काही लोक तिकडच्या तुरुंगात आहेत, एखादं पत्र बाहेर येतं. ते पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नव्हतं तुम्हाला. त्या अक्षरओळखीवर आज मी माझं पत्र वाचायला लावतो आहे. हे बरं नाही. पण फोन तुम्ही घेणार नाही, आणि समोर यायची माझी छाती नाही.

तुमचं लग्न एकाहत्तरच्या वैशाखात झालं. महिन्याभरात आमची सुट्टी संपली. त्या महिन्यातला कडूबा तुमचा. त्याच्या आधीचा आणि नंतरचा माझ्याकडं आहे, म्हणून थोडं लिहितो.

आम्ही दोघं भरतीला गेलो तेव्हा गोदावरीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. भरतीच्या साहेबानं विचारलं, पोहता येतं का? कडूबा म्हणाला, “साहेब, विहिरीत येतं. समुद्राला काठ हाये का?” साहेब एवढा हसला की दोघांनाही घेतलं. कडूबाला बॉयलरवर पाठवलं. माझे कान तपासले आणि मला सोनारवर बसवलं. घरी पत्रात तसं लिहिलं तर माझी आई साळूबाई गावभर सांगत सुटली, पोरगं दागिने घडवायला शिकतंय. सोनार म्हणजे पाण्याखालचं ऐकायचं यंत्र. कानाला डबे लावायचे आणि बसायचं. समुद्र आतून गप्प नसतो, वहिनी. झिंगे लाह्या फुटल्यासारखे तडतडतात. मासे घोरतात. दूरचं जहाज ठक ठक करत येतं. मला त्यात माणसाची चाल ओळखावी तसं प्रत्येक जहाज ओळखू यायचं. कडूबा पाळी संपली की घामानं थबथबलेला वर यायचा आणि माझ्या दाराशी उभा राहून विचारायचा, “काय म्हनती दर्यामाय?” मी म्हणायचो, “लाह्या भाजती.”

डिसेंबरात लढाई लागली. आमच्या ताफ्याला गुजरातच्या किनाऱ्याकडं पाणबुडी शोधायला धाडलं. म्हणजे आम्ही शिकारी. पण ती आधीपासून खाली बसून होती, इंजिन जवळजवळ बंद करून. आम्ही तिला शोधत होतो आणि ती आमचं ऐकत होती. माझी पाळी दिवस मावळल्यावर थोड्या वेळानं संपली. शेवटच्या घटकेला मी काय ऐकलं? लाह्या. दुसरं काही नाही. चौकशीतही मी तेच सांगितलं आणि ते खरं आहे. गप्प बसलेल्याचा आवाज कुठल्याच यंत्रात येत नाही.

मी चहाचा मग घेऊन वर गेलो म्हणून वाचलो. पहिला दणका बसला तेव्हा मग हातात होता, दुसरा बसला तेव्हा मी पाण्यात होतो. मधलं काही आठवत नाही. जहाज चहा निवायलाही वेळ न देता गेलं. एवढी माणसं, एवढं लोखंड. मग पाण्यावर तेल, आणि अंधार. सकाळी दुसऱ्या जहाजानं आम्हा थोड्यांना उचललं.

कडूबा खाली बॉयलरपाशी होता. दणका तिथंच बसला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही आणि त्याचा आवाज ऐकला नाही.

इथवर लिहून मी चष्मा पुसून परत वाचलं. सगळं बरोबर आहे. फक्त शेवटच्या ओळीत अर्धं खोटं आहे. बाहत्तर साली तुम्ही तीन महिन्यांचा शिवराज माझ्या मांडीवर ठेवलात आणि विचारलंत, “लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांगा. पाह्यलं का? ऐकलं का?” तेव्हा मी दोन्हीला नाही म्हणालो. पाहिलं नाही हे खरं होतं.

आज हात पुढं चालत नाही.

सांडू


१७ नोव्हेंबर २०२५

केसरवहिनी,

आठ दिवस हे पत्र खिशात घेऊन फिरलो, कोरं. जब्बार म्हणाला, “सेठ, फोन कर डालो. खत कौन लिखता आजकल?” मी म्हटलं, फोनवर माणूस मधेच थांबू शकतो. त्याला पटलं नाही, पण त्यानं दोन गिऱ्हाइकं परत लावली आणि मला वर माळ्यावर बसवलं. आता लिहितोच.

तुम्हाला आमच्या दोघांच्या आयांचं माहीत आहे. माझ्या आधीची तीन गेली, म्हणून मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर सांडलं आणि परत उचललं. कडूबाच्या आधीची दोन गेली, म्हणून त्याचं नाव कडू. यमानं तोंडात घेतलं तर थुंकावं. अशा पोरांना आया जरा जास्तच जपतात. आमची एक शिस्त होती. तिन्हीसांज झाली की बाहेरून कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. जे माणसाचं नसतं ते दोनदाच हाक मारू शकतं. तिसरी हाक आली तर समजायचं, माणूस आहे. आईनं ही गोष्ट माझ्यात इतकी मुरवली होती की भाकरी नसली तरी चालेल पण हाक नको.

आणि कडूबा तर ह्याचाच खेळ करायचा. अंधार पडला की आमच्या कुडाबाहेर उभा राहून आवाज घोगरा करून हाक मारायचा, “सांड्या.” मग परत, “सांड्याऽ.” आणि गप्प. मी आत आईला चिकटून बसायचो. जरा वेळानं तो खिदळत दारात यायचा. “काय भेकड हाये ह्यो, काकू!” किती वेळा केलं असेल. दर वेळी मी फसलो.

तर त्या संध्याकाळी. मी पाण्यात होतो आणि हाताला एक फळी लागली होती. लाकडी, माझ्या छातीएवढी. तेल तोंडात, नाकात. आधी पुष्कळ आवाज होते, मग ते कमी कमी होत गेले. मला अंतर कळायचं, वहिनी, सरकारनं मला तेच तर शिकवलं होतं. आणि मला ऐकू आलं,

“सांड्या.”

डाव्या हाताला. चाळीसेक हातांवर. घोगरा आवाज. तेलानं घोगरा झालेला, हे मला आज कळतं. म्हणजे तो खाली मेला नव्हता. बॉयलरपासून वर आला होता. कसा आला देव जाणे.

मी ओ दिली नाही.

“सांड्याऽ.”

पुन्हा तेवढंच अंतर. म्हणजे तो पोहत नव्हता. एका जागी थांबून हाक मारत होता, ओ कुठून येते ते ऐकायला.

मी तोंड मिटून फळी दोन्ही हातांनी धरली आणि तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. वीस वर्षांचा होतो. रोज आठ तास यंत्रावर बसणारा, इंग्रजीत अहवाल देणारा. आणि मी तिसरी हाक यायची वाट पाहत होतो. नाहीतर तो खिदळत येईल ह्याची.

तिसरी हाक आली नाही.

आता ह्याच्या पुढचं लिहितो, ते कुणालाच सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही, ती गेली बिचारी. ती फळी एका माणसाची होती. मी आईच्या शिकवणीला घाबरलो, का कडूबा आला तर फळी दोघांना घेऊन बुडेल ह्याला घाबरलो, हे मला चोपन्न वर्षांत ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं पहिलं. दुकानात एकटा असलो की दुसरं. मी दोन्ही तुमच्यापुढं ठेवतो. ह्यात मी मधला भाव काढत नाही.

दुसऱ्या हाकेनंतर डावीकडून पाणी हलल्याचाही आवाज आला नाही. माझे कान तेव्हा चांगले होते. उजाडल्यावर तिथं कुणी नव्हतं. वहिनी, तुम्ही ऐकलेलं मागत होतात. हे ऐकलेलं आहे. तो कुठल्या तुरुंगात नाही. कधीच नव्हता.

हे मी बाहत्तर सालीच बोलायला हवं होतं, तेव्हा तुम्ही अठरा वर्षांच्या होता. मी माझी लाज झाकली आणि तुम्हाला वाट पाहायला बसवलं. लोक म्हणतात सांडूशेठ एका हाकेला ओ देतो. का देतो ते आता तुम्हाला कळलं. कुणी हाक मारली की मला ती पुरी होईपर्यंत थांबवत नाही.

माफी मागत नाही. मागायची तर कोणत्या तोंडानं, तेही ठरलेलं नाही.

सांडू


३० नोव्हेंबर २०२५

केसरवहिनी,

शिवराजचा फोन आला होता. म्हणाला, “काका, तुमी आईला काय लिहिलं? दोन दिस बोलली नाय. तिसऱ्या दिशी पेटी रिकामी करून उन्हात ठिवली, पुन्हा भरली.” मी म्हटलं, आई सांगेल. तो म्हणाला, “आई सांगती का कधी?” त्याला अजून मी काही सांगितलेलं नाही. आधी तुमचा हक्क.

काल मी पैठणला गेलो होतो. मोटारीचं काम होतं म्हणेन, पण नव्हतं. तुमच्या वस्तीच्या फाट्यापर्यंत जाऊन स्टँडवर परत आलो. पाय पुढं गेले नाहीत. चहाला बसलो तर गल्ल्यावरच्या काचेखाली चिठ्ठी दिसली. अक्षर तुमचं. मला ठाऊक होतं की धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं तेव्हा तुम्ही कुणाकडं तरी नवा पत्ता ठेवला होता, कडूबा स्टँडवर उतरला तर घर कुठं शोधेल म्हणून. पण ती चिठ्ठी अजून असेल असं वाटलं नव्हतं. गल्ल्यावर मुनीब नावाचा जवान पोरगा बसतो, मूळ मालकाचा नातू. मी विचारलं, हे काय आहे?

“वो अपनी केसर आजी की है. कागद पिवळा पडला की दर सालाला येऊन नवा लावतेत. दादा सांगून गेले, हाटेल का काच बदलना, चिठ्ठी नय बदलना.”

मी उभ्यानं वाचली. ‘कडूबा आले तर त्यांना सांगावे. जुने गाव पाण्यात गेले. घाबरू नये. सगळे सुखरूप आहेत. नवी वस्ती, पिंपळामागे तिसरी ओळ. मुलगा झाला, शिवराज.’

घाबरू नये. वहिनी, मला तिथं चहा गेला नाही. मुनीब म्हणाला, “चाचा, शक्कर कम है क्या?”

छापखानेवाला थांबायला तयार आहे, त्याची मोटार मी भरून दिली होती. तुम्ही सावकाश ठरवा. श्री. लावलंत तरी मी व्याह्यांशी भांडायला येईन.

सांडू


नवी वस्ती, पैठण
६ डिसेंबर

सांडूभावजींस,

पत्रे पोचली. तीन वेळा वाचली. मला जोडाक्षर सावकाश लागते.

तुमचा राग आलाच. पण आधी कुणाचा आला ते सांगते. त्यांचा आला. बुडताना माणूस बायकोचे नाव घेतो, आईचे घेतो. ह्यांनी हाक मारली ती तुम्हाला. मी चोपन्न वर्षे वाट पाहिली आणि दोन हाका होत्या त्या दोन्ही तुमच्या. मग रात्री माझ्या ध्यानात आले की मी तिथे नव्हते. जो जवळ आहे त्यालाच माणूस हाक मारतो. त्यांना वाटले तुम्ही जवळ आहात.

तुम्ही फळीला भ्याला की हाकेला भ्याला ते मला विचारू नका. मला ते कळणार नाही आणि तुम्हालाही कळायचे नाही. तुम्ही वीस वर्षांचे होता. माझा शिवराज वीस वर्षांचा असताना पालीला भ्यायचा. पण बाहत्तर साली तुम्ही बावीसचेही नव्हता आणि अठ्याहत्तरला, कागद घेऊन आलात तेव्हा, चांगले बाप्ये होता. त्या सहा वर्षांचे आणि पुढच्यांचे काय ते तुम्ही बघा. ते मी सोडलेले नाही.

माझे आयुष्य वाया गेले असा तुमच्या पत्राला वास येतो. तसे लिहू नका. मी पोरगा वाढवला, वाचायला शिकले, कुणाच्या ताब्यात गेले नाही. ते येणार आहेत म्हटल्यावर दीराला माझी जमीन मागायची हिंमत झाली नाही. त्यांनी न येता घर राखले.

आता कामाचे. पत्रिकेवर कै. लावावे. मी शिवराजला सांगितले आणि का तेही सांगितले. तो घराबाहेर जाऊन बसला आणि मग आत येऊन जेवला. पहिली हळद श्रेयाला मीच लावणार. कुंकवाचे मला कुणी शिकवू नये, व्याह्यांनी नाही, भटजींनी नाही. एवढी वर्षे लावले ते काय कुणाला विचारून लावले का.

मुनीबच्या हाटेलातली चिठ्ठी मीच काढीन. तुम्ही हात लावायचा नाही.

देह नसला तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. भटजींशी बोलले. मार्गशीर्षातल्या अवसेला, शुक्रवारी सकाळी, घाटावर. तुम्ही यायचे.

दोन हाका त्यांनी मारल्या. तिसरी राहिली. ती तशीच पाण्यावर ठेवू नये असे मला वाटते. ती मी मारीन. तुम्ही पाण्यात उभे राहा.

कानात यंत्र घालून या.

केसरबाई


मुकुंदवाडी
२१ डिसेंबर २०२५

कड्या,

हे पत्र कुठं टाकायचं ते ठरलं नाही, पण चार पत्रं तुझ्या बायकोला लिहिली आणि हाताला सवय लागली आहे.

परवा तुझा विधी झाला. तू पानांचा फार देखणा निघालास. भटजींनी तुला दर्भावर निजवला, नारळाचं डोकं दिलं, आणि शिवराज तुझ्याकडं असा बघत बसला होता की त्याला नाक-डोळे सापडत होते. त्यानं बाप पहिल्यांदा पाहिला आणि त्यालाच अग्नी दिला. श्रेया त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिचं नाक तुझं आहे. बिचारी.

वहिनी हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. कपाळ नेहमीसारखं. भटजी मधेच थबकले, काहीतरी विचारायला तोंड उघडलं. वहिनींनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. भटजी पुढचा मंत्र म्हणू लागले. तुला सांगतो, पाणबुडीनं ह्या बाईकडून शिकावं.

येताना त्या आधी स्टँडवर गेल्या होत्या म्हणे. चिठ्ठी काढली आणि मुनीबला म्हणाल्या, काचेखाली रिकामं दिसतं, तुझे चहाचे रेट लाव. ती चिठ्ठी तुझ्या पानांबरोबर गेली. ‘घाबरू नये’ सकट.

मग मला म्हणाल्या, “उतरा.”

चौऱ्याहत्तर वर्षांचा मी धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यात. थंडी अशी की दात मोटारीसारखे वाजत होते. जब्बार माझ्या वहाणा हातात घेऊन पायरीवर, ओरडतोय, “सेठ, मशीन पानी में गिरी तो वारंटी नय!” घाटावरच्या बायका बघायला लागल्या. मला वाटलं, ही आता शिव्या घालेल, नाहीतर रडेल. दोन्हींची मी तयारी केली होती.

काही वेळ त्या पाण्याकडं बघत राहिल्या. मी यंत्र चाचपलं. एका कानानं धरणाकडून येणारा वारा तेवढा ऐकू येत होता, झिंग्यांसारखा, तडतड.

तुला ठाऊक आहे, वहिनींनी मला जन्मात नावानं हाक मारली नव्हती. भावजी, नाहीतर तोंड फिरवणं. त्यांनी पदर खांद्यावर घेतला, हनुवटी वर केली आणि मोकळ्या गळ्यानं, तू मारायचास तशी,

“सांड्...”

“ओ!”

एवढ्या मोठ्यानं दिली की घाटावरची कबुतरं उठली. मी पुन्हा दिली. ओ, कड्या, ओ. किती वेळा दिली ते जब्बारला विचार, त्याच्या हातातल्या वहाणा खाली पडल्या होत्या.

आणि वहिनी, डोळ्याला पदर लावत, काठावरून मला म्हणतात कशा, “अवो भावजी, हाक पुरी तरी व्हऊ द्यायची!”

सांड्या